बत्तीस रुग्णांच्या श्वासातलं एकशे त्रेपन्न

एर्लांगेन, बुधवार संध्याकाळ

ती. कुंदाआत्या,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले, टेबल भिंतीला लागून असल्यामुळे डोक्याला टेंगूळ आहे.) तुझे गुडघे कसे आहेत, साखर तपासलीस का, आणि तपासली असलीस तर आदल्या दिवशी पेढा न खाता तपासलीस का, हे कळव. यापुढे ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायचं असतं. पण चौथीपर्यंत मला घरी तूच शिकवलंस, आणि पहिल्याच आठवड्यात सांगितलंस की खोटं लिहायचं नाही. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडते.

माझं काम तुला फोनवर नीट सांगता आलं नव्हतं. आजारी माणसाच्या श्वासात काही वाफा असतात, इतक्या थोड्या की नाकाला पत्ता लागत नाही. रुग्ण नळीत फुंकतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं आमचं मशीन त्या वाफा वजनावरून ओळखून पडद्यावर शिखरं काढतं. तुझ्या वाईच्या विहिरीत कोणी मिठाचा एक खडा टाकला तरी त्याला कळेल. (विहिरीचं झाकण बसवलंस ना?) फुप्फुसाचा रोग खोकला सुरू व्हायच्या आधीच श्वासातून पकडता यावा, ही आशा. रुग्णांना फुंकायला लावते मी. निरोगी माणसांना, पलीकडच्या इमारतीत, माझा सहकारी योनास. (निरोगी माणसं उशिरा आली तरी चालतात, आणि योनासही.)

तर माझ्या बत्तीसच्या बत्तीस रुग्णांत एकशे त्रेपन्न वजनावर एक शिखर दिसलं. योनासच्या एकाही माणसात नाही. रिकाम्या खोलीच्या हवेतही नाही. आमचे प्रोफेसर हाल्बाख वाढदिवसाचा केकसुद्धा शंका घेत खातात, पण त्या दिवशी व्हरांड्यातून चक्क शीळ घालत गेले. त्या वजनाच्या पदार्थांची नावं यादीत पुष्कळ होती; त्यांनी सगळ्यांत गंभीर नाव धरलं. शुक्रवारी हॅनोव्हरला डॉक्टरांच्या सभेत ते हे शिखर दाखवणार आहेत. फ्राऊ लिंडनर नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रुग्णबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, की पोरी, तुझ्या खोलीत माझ्या आजीच्या कपड्यांच्या कपाटाचा वास येतो. मी आभार मानले आणि नोंद केली नाही.

परवा सोमवारी मशीन जरा रुसलं होतं, म्हणून तपासायला मी स्वतःच फुंकले. एकशे त्रेपन्न. बत्तीस जणांपेक्षा उंच. आत्या, मी खुर्चीत बसले ती अर्धा तास उठलेच नाही. घरी येऊन चिठ्ठी लिहिली, की माझ्यामागे कुकर सुरुचीला आणि सायकल योनासला द्यावी. (सुरुची म्हणजे माझ्यासोबत राहते ती नागपूरची. चिठ्ठी वाचून तिने विचारलं, शिट्टीसकट का?) मंगळवारी एक्स-रे काढायला गेले. तिथल्या नर्सने गळ्यातलं सगळं उतरवायला लावलं: चेन, आणि विमानतळावर तू बांधलेली कापूर-ओव्याची पुरचुंडी. थंडी संपेपर्यंत काढायची नाही, माझी शपथ आहे, असं म्हणाली होतीस. आंघोळीलाही मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यातच ठेवत होते. काढावी लागली, क्षमा कर. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं लहान मुलासारखी स्वच्छ आहेत.

मग हे एकशे त्रेपन्न आलं कुठून? पुरचुंडी कोटाच्या खिशात राहिली होती आणि कोट खाली लॉकरमध्ये. तशीच लॅबमध्ये जाऊन फुंकले. शिखर नाही. खाली जाऊन पुरचुंडी घातली, वर येऊन फुंकले. शिखर. सात वेळा घातली आणि काढली. (पाढा उलटा म्हणून तपासावा, हे तुझंच.) कापूर, आत्या. प्रत्येक रुग्णासमोर मी नळी छातीशी धरून उभी राहायचे. ते माझा कापूर आत घ्यायचे आणि मशीनमध्ये सोडायचे. रिकामी खोली तपासताना नियमाप्रमाणे मी बाहेर असायचे.

आता मी ठणठणीत आहे आणि मरणाला भीत होते त्याहून जास्त घाबरले आहे. उद्या नऊ वाजता प्रोफेसरांना सांगायचं. माझा करार मार्चपर्यंत, व्हिसा कराराला बांधलेला. न सांगावं, तर ते हॅनोव्हरला तुझा कापूर रोगाची खूण म्हणून दाखवतील, आणि पुढे कोणीतरी डॉक्टर देवाची आरती करून आलेल्या धडधाकट माणसाला आजारी ठरवेल. आरशासमोर जर्मनमध्ये सराव करते आहे. दर वेळी ‘माझी आत्या’ इथे अडखळते, कारण पुढे सगळा दोष तुझ्यावर जातो आणि ते खरं नाही. शपथ मोडायची नाही आणि खोटं वागायचं नाही, हे तुझे दोन्ही धडे एकाच गळ्यात बांधले गेलेत.

तुझी, निदान उद्या नऊपर्यंत संशोधक,
ज्ञानदा

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं. आज गुरुवार. सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुरचुंडी नाकाशी धरली, ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले, दोन बोटांनी टाइप करत स्वतःच हॅनोव्हरला नकार कळवला, आणि म्हणाले, बत्तीसही जण पुन्हा तपासायचे. म्हणजे मी इथेच आहे.

ता. क. २. पुरचुंडी सध्या काचेच्या बरणीत बंद आहे. तू मला शपथेतून मोकळं केल्याचं लेखी कळव. तोवर मी बरणी रोज शेजारी घेऊन झोपते.

ता. क. ३. सोमवार. पत्र अजून टाकलेलं नाही; ते पाठवायचं खरं कारण हे. आज फ्राऊ लिंडनर पुन्हा फुंकायला आल्या. शिखर नाही. पण त्यांनी इकडेतिकडे हुंगलं आणि विचारलं, तो वास कुठे गेला. मी तर त्याच्यासाठीच येत होते, म्हणाल्या. त्यांच्यासाठी एक पुरचुंडी शिवून पाठव, घरच्या पत्त्यावर, हवाबंद डब्यात. मापन पूर्ण झालं की देईन.

आणि आत्या, त्यांना शपथ घालू नकोस.