नाण्याएवढी भिंत

तोत्मा, ३ फेब्रुवारी १९८५

चि. नोन्नास अ. उ. आ.

अणुभट्टीच्या पोटात द्रवरूप हायड्रोजनचं भांडं बसवणार आणि त्याची भिंत तीन कोपेकच्या नाण्याएवढी पातळ, हे वाचून माझा चहा तसाच राहिला. जन्मभर बोटींचे बॉयलर बांधले, एकही फुटला नाही, कारण पत्रा वापरताना मी हात आखडला नाही. तुझं भांडं फुटलं तर लोक म्हणतील, सावेली बॉयलरवाल्याची पोर ना ही! भिंत जाड कर.

ऐकणार नाहीस, आईवर गेली आहेस. निदान सुरू करण्याआधी सगळे मिनिटभर गुपचूप बसा. वाट सुखाची व्हावी म्हणून प्रवासाला निघताना आपण बसतोच, आणि तुझा हायड्रोजन तर उणे अडीचशेच्या मुलखात निघालाय. लोकरी मोजे पाठवलेत. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा बाप,
सावेली बॉयलरवाला

गातचिना, १७ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

जाड भिंत भट्टीच्या किरणांनी स्वतःच तापते आणि आतला हायड्रोजन उकळवते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. अखेर आमचे प्रमुख अर्सेनी ल्वोविच म्हणाले, करा पातळ. पण गळलं, तर यापुढे तुम्ही गटाराचे नळच आखायचे.

काल सुरुवात झाली. तुमचा निरोप सांगितला तर पोरं फिदीफिदी हसली. अर्सेनी ल्वोविच एरवी असल्या रीतींची टर उडवतात, पण टोपी काढून पहिले तेच बसले. मग कोणी खोकलंसुद्धा नाही.

बाबा, भांडं टिकलं! हायड्रोजनमधून जाऊन थंड झालेले संथ न्यूट्रॉन इतके आले, की मोजणाऱ्याला वाटलं यंत्रच बिघडलं. मी सगळ्यांदेखत रडले. पायांत तुमचेच मोजे होते. माया आहे तशीच असू द्या.

तुमची नोन्ना

तोत्मा, २४ मार्च

चि. नोन्नास अ. उ. आ.

तुझं पत्र हमामखान्यात मोठ्यानं वाचलं. वाफेनं शाई पसरली, पण तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. तिथं आलेल्या गेन्नादीनं विचारलं, संथ न्यूट्रॉन काय कामाचे? मी म्हटलं, घाईत जाणाऱ्याला काय दिसतं रे? हे रमतगमत जातात, म्हणून वस्तूच्या आतलं बारीकसारीक दाखवतात. बरोबर सांगितलं ना?

शनिवारी सुरू करणार अशी तुझी तार आली होती. त्या दिवशी मी सकाळीच कोट-टोपी चढवून दाराजवळच्या पेटीवर बसलो, तो दुपारपर्यंत उठवेना. शेजारची ग्लाफिरा विचारू लागली, म्हातारबा, स्वारी कुठं निघाली? म्हटलं, मी नाही गं, लेक निघालीय.

गावानं माझं नाव बदललंय. मी तक्रार केलेली नाही. सुट्टीत ये, लोभ समोरासमोर मोजू.

नोन्नाचा बाप