सुनीतीच्या नावाने एक बुडी

॥ श्री ॥
दुर्गाघाट, काशी
५ डिसेंबर २०२४

चि. विद्युल्लतेस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कंबोडियाच्या सहलीला आम्ही दोघं येत नाही. तुझ्या वहिनीला जमणार नाही, म्हणून मीही नाही. मुक्ताने तुला फोनवर सांगितलंच असेल. आईचं दुखणं लेक नीट सांगते. मला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा माझं रडगाणं तू कागदावरच वाच. गेल्या आठवड्यात रंगीत तालीम म्हणून सुनीतीला सारनाथला नेलं. अर्ध्या वाटेत तिने घरी चला म्हणून रिक्षावाल्याचा खांदाच धरला. घरी आणली, तर घरातही घरी चला म्हणते. डॉक्टर म्हणाले, विमान विसरा.

तीस वर्षं तिने कॉलेजात ख्मेर राजांचा इतिहास शिकवला. दर वर्षी म्हणायची, एकदा जाऊन बघू या. दर वर्षी मी म्हणायचो, कार्तिक उरकू दे, यजमान यायचेत. कार्तिक उरकला की माघ उभा. या खेपेस सगळ्या यजमानांना नाही म्हणून टिकटं काढली, तर तिला आता स्वतःचं नाव विचारावं लागतं. माझी अक्कल अशी, वरातीमागून घोडं.

तुमचा ग्रुप नेणारा केयूर तिचाच विद्यार्थी. त्याच्याबरोबर एक पाकीट देतो आहे. आत दर्भाची बाहुली आहे. आपल्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: जो काशीला येऊ शकत नाही, त्याच्या नावाने दर्भाची बाहुली बांधून गंगेत बुडवायची. पुण्याचा आठवा हिस्सा त्याला पोचतो म्हणतात. तिकडे कुलेन डोंगरावर नदीच्या तळाशी हजार शिवलिंगं कोरली आहेत. सुनीती तिला तिकडची गंगा म्हणायची. तिथे तिचं नाव आणि गोत्र घेऊन बाहुली बुडव. आठवा हिस्सा तरी पोचू दे बिचारीला.

तिची वहीही पाठवतो. तिथे काय काय बघायचं, ते तिने लिहून ठेवलंय. मी उघडलेली नाही. धीर होत नाही.

गुडघे सांभाळ, आणि विमानात शेजाऱ्याला बोलून हैराण करू नकोस. बहिणीच्या मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
ढुंढिराज

*

सीएम रीप
१५ डिसेंबर

ती. दादांस विद्युल्लतेचा शि. सा. न. वि. वि.

पत्राचा फोटो मुक्ताला धाडते आहे. ती छापून दुर्गाघाटावर आणून देईल. पाकीट नि वही मिळाली. मी सुखरूप आहे. शेजारी मात्र हैराण झाला खरा.

काल अंगकोर वाटला गेलो. समुद्रमंथनाची भिंत एवढी लांब की चालता चालता माझे गुडघे मंथून निघाले. वहिनीच्या वहीत लिहिलंय, देवांच्या रांगेत शेवटी वासुकीचं शेपूट धरून हनुमान उभा आहे, तो चुकवू नये. नाही चुकवला. जे जे पाहते, ते तिने न पाहता आधीच लिहून ठेवलेलं असतं. रडू येतं हो. ग्रुपमधली मंडळी पोह्यांच्या शोधात असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

आमचा गाइड सोफाल इकडचाच. हसरा माणूस. त्याच्या वडिलांना, ते मास्तर होते, पन्नास वर्षांपूर्वी, शिकलेल्यांना वेचून मारणाऱ्या त्या काळ्या राजवटीत, शेतावर कामाला म्हणून नेलं, ते परतलेच नाहीत. यांच्या पितृपंधरवड्यात तो सात देवळांत भाताचे पिंड टाकतो. वडील कुठे आहेत ठाऊक नाही, तर निदान एका ठिकाणी तरी सापडतील, असं म्हणाला.

परवा, सतराला, कुलेन. काळजी करू नका, तुमची बाहुली मी जिवापाड जपली आहे. वहिनी जेवते ना? लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपली,
विद्युल्लता

*

दुर्गाघाट
१७ डिसेंबर, सकाळ

चि. विद्युल्लते,

बाहुली बुडवू नकोस. आधी एवढं वाच.

ती बांधली त्या दिवशी मुक्ताला हिच्यापाशी बसवून मी एका यजमानाकडचं श्राद्ध उरकून आलो होतो. जानवं उजव्या खांद्यावर राहिलं होतं. तुला ठाऊक आहे, उजव्या खांद्यावर फक्त पितरांसाठी घ्यायचं, जिवंत माणसासाठी डाव्या. तशीच मी सुनीतीची बाहुली बांधली, तिचं नाव घेऊन.

चूक झाली एवढंच लिहिणार होतो. पण तुझं सोफालचं वाचल्यावर खोटं लिहवेना. गाठ मारताना माझं लक्ष गेलं होतं, विद्युल्लते. जानवं दिसलं, आणि मी ते बदललं नाही. हिने त्या सकाळी मला तुम्ही कोण म्हणून विचारलं होतं. मनात मी तिला गेलेल्यांत बसवून मोकळा झालो. शेजारच्या खोलीत ती साडीच्या निऱ्या मोजत होती, जिवंत.

हे पत्र आता तुला पोचवू कसं? मुक्ता शाळेत, तिची सुट्टी तीनला. तिचं घर दूधविनायकला, दहा मिनिटांवर, पण हिला एकटी सोडून निघता येत नाही. मागे कडी लावून गेलो, तर दार बडवून हाताला रक्त आणलं. पत्र हातात घेऊन बसलो आहे, आणि तुम्ही डोंगर चढत असाल.

ढुंढिराज

*

सीएम रीप
१७ डिसेंबर, संध्याकाळ

ती. दादा, शि. सा. न.

पत्र आत्ता फोनवर आलं. बाहुली सकाळीच बुडवली.

सोफालने चाळीस मिनिटं दिली होती. तिथली बायका-पोरं आंघोळ करतात, तिथेच मी उतरले. वहिनीचं नाव घेतलं, गोत्र घेतलं. गाठ सुटली आणि काड्या वाहत गेल्या. परत कुठून आणू? मला काही करता येत नाही, दादा.

काठावर सोफालने विचारलं, ज्यांच्यासाठी करता, ते गेलेत की आहेत. मी म्हटलं, आहेत. तो म्हणाला, वडिलांबद्दल हेच विचारलं तर त्याला अजून सांगता येत नाही. तुम्हालाही एका सकाळी सांगता आलं नाही. मला तुमचा राग आला, आणि मग नाही राहिला.

आता वहीतलं कुलेनचं पान उतरवून देते. वहिनीचं अक्षर, वीस वर्षांपूर्वीचं: "येथे ह्यांच्या नावाने बुडी घेणे. कार्तिकातून त्यांची सुटका होणार नाही, मला एकटीलाच यावे लागेल. दर्भ काशीहूनच आणावा. डाव्या-उजव्याचे त्यांनाच विचारणे."

हे वाचून मी पुन्हा उतरले होते. दर्भ नव्हता, तरी तुमच्या नावाने एक बुडी घेतली. नदीचा फोटो मुक्ताला पाठवला आहे, वहिनीला दाखवा.

रागावलेल्या बहिणीवरही माया असू द्यावी.

विद्युल्लता

*

दुर्गाघाट
२६ डिसेंबर

चि. विद्युल्लतेस आशीर्वाद. वि. वि.

फोटो दाखवला, पत्र वाचून दाखवलं. सुनीती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, यंदा यजमानांनी सुट्टी दिली का. वर्षभरात पहिल्यांदा मला ओळखून बोलली. मी म्हटलं, दिली.

ते नको होतं बोलायला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चपला घालून, पर्स घेऊन दाराशी बसते. मला पुन्हा ओळखत नाही, पण गाडी कधी येणार ते विचारते. आपल्या गल्लीत सायकल धड वळत नाही, गाडी कुठून यायची? मुक्ताने समजावलं, मी समजावलं. शेवटी मीही चपला घालून शेजारी बसू लागलो. ऊन वर आलं की ती दमते, मग आत नेतो.

बसण्याआधी जानवं तेवढं चाचपून पाहतो, डाव्या खांद्यावर आहे ना.

लोभ ठेव. तुझा असला, तर इथलं एवढं निभेल.

ढुंढिराज