दुकानातल्या फोनवरची उत्तरं

पोर्ट लुई, जुलै १९८३

तीर्थरूप बाबा,
बसंतीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या डॉक्टरांनी तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी गावातल्या दुकानात फोन करून तुमची चौकशी केली. दम लागत नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. नर्स म्हणून मीच ते कागदावर लिहिलं. पण गणपतीत तुमच्या ढोलकीवर झाकरी नाचणारी मंडळी तुमच्या मागे बोलताना फोनमधून मलाही ऐकू येत होती. त्यांच्यासमोर खरं सांगितलं असतं, तर यंदा ढोलकी दुसऱ्याकडे गेली असती ना?

गेल्या महिन्यात उसाच्या शेतातल्या वाटेवर दम लागून तुम्ही तीनदा खाली बसलात. डॉक्टरांसमोर वडिलांना खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. आता भूल देताना काय होईल, या काळजीने झोप लागत नाही.

बाबा, खरं काय ते लिहून पाठवा. पत्र लिहिताना मागे कुणी उभं नसतं.

तुमची वाट बघणारी,
बसंती