दलाल कोणाचा

९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहिले.

तुझा प्रश्न असा की, तिकडे घर घेताना एजंटची फी कोणी द्यायची. तू पाठवलेल्या मसुद्यानुसार ती विकणाऱ्याने द्यायची आहे. ‘मग आपल्याला काय!’ असे जावईबापू म्हणाले असतील. परंतु विकणारा ती पदरची देत नाही, किमतीत चढवतो. शिवाय एजंट आपली भाषा बोलतो, तुला ताई म्हणतो, एवढ्याने तो तुमचा होत नाही. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. घर फार आवडले आहे, हे त्याला कळू देऊ नका. तुमच्या बाजूचा माणूस नेमलात, तर त्याची फी आधी लेखी ठरवा.

काल भाजी निवडता निवडता तुझी आई म्हणाली, “पोरीला नीट लिहून कळवा हो. तुमच्या बी.कॉम.चा कुणाला तरी उपयोग होऊ दे.”

“एवढी घाई कुणाला आहे?”

“थंडीच्या आत आवरलं तर बरं. जुने स्वेटर पुरतील ना तिकडे?”

“तुला पुरतील,” मी म्हणालो.

ती गॅस बारीक करायला उठली. गॅस पेटलेला नव्हता.

घराचा नकाशा पाठवलास, तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीला तू ‘आईबाबांची खोली’ म्हणाली होतीस. रविवारी फोनवर ती ‘आईची’ झाली. मग तू घाईघाईने जिन्याच्या पायऱ्यांविषयी बोलू लागलीस. मीही पायऱ्यांविषयी ऐकून घेतले.

तुझी आई तिकडे पाहुणी म्हणून येत नाही, कायमची येते आहे, आणि एकटी. मला राग आला नाही. काय आले, ते शोधूनही सापडले नाही. कार्यालयात गेलो, सह्या केल्या, डबा खाल्ला.

आम्ही दोघे एका घरात राहून बहुतेक तुझ्यामार्फतच बोलतो, हे तू जाणतेसच. डाळ संपल्याचे मला सातासमुद्रापलीकडून कळते. तेव्हा हाही निरोप तुझ्याकडेच आला असणार, आणि तो तुला सांगवत नसणार. सांगू नकोस. तू आमची लेक आहेस, मध्यस्थ नव्हेस. ते काम आम्ही तुझ्याकडून फार काळ करून घेतले.

हे पाकीट चिकटवले की मी स्वयंपाकघरात जाईन. तिला सांगेन की मला ठाऊक आहे, आणि माझी हरकत नाही. यातले दुसरे वाक्य खरे नाही. पण ते मी नीट म्हणेन.

एरवी पत्राखाली ‘तुझे आईबाबा’ असे मीच दोघांच्या वतीने लिहीत आलो. आज तिला न विचारता कसे लिहू?

बाबा