बाबा, बाजूला व्हा

बाबा, भिंतीवरचा तुमचा फोटो मी काल उतरवून ठेवला. रागावू नका, आईला त्याचा संकोच वाटायला लागला होता. तुम्ही गेलात तेव्हा सगळं घर धुंडाळून तुमचा एकच फोटो हाती लागला होता, ओळखपत्रावरचा, तोही अर्ध्या चेहऱ्यावर रेल्वेचा शिक्का बसलेला. खोपोलीच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करताना शिक्का पुसला आणि हात चाललाच आहे म्हणून तुम्हाला कोट चढवला, टाय बांधला, रंगही बराच उजळ केला. जन्मभर निळ्या सदऱ्यात वंगणानं माखलेला माणूस मेल्यावर विमा कंपनीत साहेब झाला. आई इतकी वर्षं त्या साहेबाला निमूट हार घालत आली. पण आता तिचं विसरणं वाढलंय. परवा ती तुमच्या सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, "त्या सायबाला पानी तरी इचार गं. कवाचा उभा हाय बिचारा."

डॉक्टर म्हणाले, घरातले जुने फोटो दाखवत जा, चेहरे ओळखायला लावा, विसरणं थोडं लांबवता येतं. मग माझ्याकडे बघून हसले. "तुमच्याकडे फोटोंना काय तोटा? तुम्ही तर लहानपणापासून कॅमेरेवाले." अख्ख्या कर्जतला ही गोष्ट माहीत आहे. मी मान डोलावली आणि घरी येऊन माळ्यावरचे बिस्किटांचे सहा डबे खाली काढले. सहा डबे भरून फोटो आणि निगेटिव्ह. बाबा, त्यात सगळी इंजिनं आहेत.

तुम्हाला आमचं ते वेड कधी कळलं की नाही, देव जाणे. शाळा सुटली की आम्ही तिघं मित्र फलाटाच्या पुण्याकडच्या टोकाला जाऊन बसायचो, वहीत इंजिनांचे नंबर टिपायचो आणि एखादं नवीन दिसलं की लॉटरी लागल्यासारखे नाचायचो. गावातली बाकीची पोरं क्रिकेट खेळायची, त्याला काही तरी भविष्य होतं. आमच्या हौसेला फक्त वेळापत्रक होतं. पण कर्जतसारखी जागा नाही, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. पुढं घाट. एकट्या इंजिनाच्यानं गाडी वर चढत नाही, म्हणून इथं थांबून तिच्या शेपटाला आणखी इंजिनं लावायची. त्यांना बँकर म्हणायचे. पुढचं ओढणार, मागचे ढकलणार. त्या चार मिनिटांत गाडीतले लोक खिडकीतून हात काढून वडे घ्यायचे आणि वड्यासाठीच गाडी थांबली आहे अशा समजुतीत खंडाळ्यापर्यंत जायचे. ती का थांबली आहे हे मागच्या टोकाला असलेल्या दोन-तीन माणसांना माहीत असायचं, आणि त्यातले एक तुम्ही.

बँकर हळूहळू शेवटच्या डब्याला येऊन टेकायचा आणि तुम्ही त्या दोघांच्या मधे शिरायचात. वाकून हूक उचलायचा, कडीत बसवायचा, स्क्रू आवळायचा, होजपाइप जोडायचा, आणि पाठ न वळवता बाहेर यायचं. बाहेर आलात की चार पावलं लांब, मगच हिरवा झेंडा. नव्या माणसाला शिकवताना तुम्ही म्हणायचात, "काम झालं का तितं थांबायचं नाय. कौतिक बघत उभा राहिलास तर घरी गाठोडं जाईल." शिकणारा हसायचा. तुम्ही हसायचा नाहीत.

कॅमेरा तुम्हीच आणलात. सुट्टीच्या दिवशी पायी माथेरान चढून गेलात आणि घोड्यावर बसलेल्या जोडप्यांचे फोटो काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्याचा जुना कॅमेरा घेऊन आलात. त्याचा धंदा बसला होता म्हणे. पट्ट्याला घोड्याचा वास यायचा, तो पुढं कितीतरी वर्षं गेला नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पोराला पुस्तकं सोडून ह्ये काय खूळ आनलंत?" तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "काढू दे गं. आमी जोडतो ती गाडी दिसते कशी, कदी बघितलंच नाय आमी. मधी शिरल्यावर निस्ता काळोख दिसतो."

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. मी रोल भरत होतो.

आमच्या तिघांचा एक कडक नियम होता. फोटोत माणूस नको. फलाट रिकामा, आकाश मोकळं आणि मधोमध इंजिन. हमाल आला, फोटो बाद. वडेवाल्याची टोपली आली, बाद. एका रोलमध्ये छत्तीसच फोटो, त्यामुळं एखादं माणूस मधे आलं की आम्ही असे चिडायचो, जणू रेल्वे आमच्यासाठीच चालवत होते आणि हे प्रवासी कुठून तरी घुसले आहेत. आणि बँकरचा फोटो काढायचा तर त्याच्यासमोर नेमके तुम्ही. मी ओरडायचो, "बाबा, बाजूला व्हा!" तुम्ही व्हायचात. सवयच होती तुम्हाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला की सिग्नल पडल्यासारखे चार पावलं मागं. नंतर तर ओरडावंही लागायचं नाही.

एकदाच तुम्ही माझ्यावर हात उचललात. सदतीस नंबरचं इंजिन आलं होतं. त्याची आम्ही महिनाभर वाट बघत होतो आणि उजेड पलीकडून चांगला पडला होता, म्हणून मी रूळ ओलांडून गेलो. तुम्ही कुठून धावत आलात कळलंच नाही. मित्रांसमोर, वडेवाल्यांसमोर कानाखाली बसली. "इंजिनाला डोळं हायेत का रं? मागनं ढकलनाऱ्याला फुडचं कायबी दिसत नाय, त्येला निस्ता झेंडा दिसतो!" दुसऱ्या दिवशी तुम्ही चुन्याची फकी आणून फलाटाच्या टोकाला माझ्यासाठी एक रेघ मारलीत. पोलिसालाही सांगितलंत, "माझा पोरगा हाय, रेघेच्या म्होरं आला तर मलाच सांग." तुम्ही मला रेघेमागं ठेवलंत, मी तुम्हाला चौकटीबाहेर ठेवलं. शिस्त दोघांनीही चोख पाळली. सहा डबे भरून पुरावा आहे.

हल्लीची पोरं बघितलीत तर थक्क व्हाल. फोन लांब धरतात, पुढं स्वतःचं तोंड आणि मागं कुठं तरी कोपऱ्यात गाडी. मी यावर मागं एक खोचक लेख लिहिला होता. लोक हसले होते. आता वाटतं, त्यांच्याकडे निदान घरच्यांचे चेहरे तरी असतील.

आठवडाभर मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून तुम्हाला शोधत होतो. भिंग लावून. एका फोटोत कडेला हिरव्या झेंड्याचं टोक आहे. एकात रुळावर सावली आहे, पण ती तुमचीच कशावरून? एकात कोपर आहे, वरची बाही फाटलेली, त्या बाहीवरून मी तुम्हाला ओळखलं. बाकी सदतीस नंबर मात्र सगळ्या बाजूंनी हजर आहे. त्याच्या डाव्या बफरवरचा ओरखडा मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

शेवटच्या डब्यात तळाला एक फोटो मिळाला. बँकर लागलेला आहे, इंजिन लखलखीत, आणि खाली कोपऱ्यात बाकावर तुमचा जेवणाचा डबा. तीन पुडांचा, पितळी कडीचा. तुम्ही बाजूला झालात आणि तो तिथंच राहिला. फोटोच्या मागं माझ्या तेव्हाच्या गिचमिड अक्षरात लिहिलंय: "बाद. डबा आला."

तो मी आईच्या हातात दिला, डॉक्टरांचा मान म्हणून. तिनं इंजिनाकडे बघितलंही नाही. बोट थेट कोपऱ्यावर. "अगं बाय! डबा तसाच हाय. जेवले नाय अजून." मग माझ्याकडे वळून, त्या जुन्या ठसक्यात, "बसलास काय रं नुसता? जा, देऊन ये."

तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललंय. भाजी तीच करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वालाचं बिरडं करते, सोलताना अर्धे वाल जमिनीवर आणि मीठ तर कधीच नाही. तांदळाची भाकरी सून करते. मी डबा घेऊन बाहेर पडतो. पहिल्या दिवशी वाटलं, कोपऱ्यावर फेरी मारून परत यावं. पण ती खिडकीत उभी राहून बघते स्टेशनच्या रस्त्याला वळलो की नाही. म्हणून खरंच स्टेशनात जातो. फलाटाच्या टोकाला बसतो. तुमची रेघ अर्थातच नाही, तिच्यावर दोनदा फरशा बसल्या. काही नव्या गाड्यांना बँकर लागत नाही, त्या तशाच निघून जातात. मी तिथं बसून अळणी बिरडं खातो. पन्नाशी ओलांडलेला, लेखांतून चारचौघांना टोमणे मारून पोट भरणारा माणूस, आईनं बापाला पाठवलेला डबा बाकावर बसून संपवतो. यावर मला अजून एकही विनोद सुचलेला नाही.

परवा घरी येऊन मी रिकामा डबा ठेवला आणि म्हणालो, "छान झालं होतं म्हणाले बिरडं. बोटं चाटत खाल्लं."

आईनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "मंग ते नव्हतेच. दुसऱ्या कुनाला देऊन आलास डबा."

माझं चुकलंच. शाळेत असताना मीच डबा पोचवायचो आणि रिकामा परत आणायचो, तेव्हा तुम्ही रोज एकच निरोप द्यायचात: "सांग तिला, मीठ कमी हाय." आणि ती रोज एकच उत्तर द्यायची: "त्यांचा हात काय बांधलाय? घ्यावं वरून." तुमच्यात याखेरीज फारसं बोलणं मला आठवत नाही. मी नंबर पाठ केले, हे विसरलो.

म्हणून काल नीट सांगितलं, "मीठ कमी हाय म्हणाले."

"हां," आई म्हणाली. "त्यांचा हात काय बांधलाय?" आणि हसली, बाबा. पदर तोंडाला लावून, अगदी लाजून. मग पुढं वाकून म्हणाली, "दिसतात कसे रं? वाळलेत का?"

मी डोळे मिटून बघितलं. झेंडा आला, कोपर आलं, निळा सदरा आला, वर चेहरा येईना. गालावर एक तीळ होता एवढं आठवतं. कुठल्या, ते नाही. मी आत जाऊन गुंडाळून ठेवलेला साहेब पुन्हा उघडला. त्याचे दोन्ही गाल स्वच्छ आहेत. स्टुडिओवाल्यानं शिक्क्याबरोबर तीळही पुसला. ओळखपत्र त्यानं परत दिलं होतं का, तेही आठवत नाही.

शेवटी तिलाच विचारलं. आता अख्ख्या जगात हे ठाऊक असलेली तीच एक उरली आहे. "आई, बाबांचा तीळ कुठल्या गालावर गं?"

तिचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. एका गालावरून दुसऱ्या गालावर आला, तिथं जरा थांबला आणि खाली आला. मग तिला राग आला. "सोताच्या बापाचा तीळ मला इचारतोस? रोज डबा नेतोस ना? उद्या नेशील तवा बघून ये."

हे पत्र मी त्या बाद फोटोसोबत बिस्किटांच्या डब्यात ठेवून देणार आहे, त्याला दुसरा पत्ता नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की मी तिला हो म्हणालोय.