नमुन्यांचा डबा

बाबा, "चांदी घरची असन तं भाव दाराबाहीर उभा राहते, आत येत नाही," असं तुम्ही एकदा म्हणाला होता. मी तेव्हा नववीत होते. खामगावच्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होते, आणि हे तुम्ही मला नाही, दुसरबीडहून आलेल्या एका म्हातारीला सांगत होता. तिची लेक खामगावात दिलेली. नातवाला वाळे करायचे म्हणून तिनं स्वतःच्या पायातल्या तोरड्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. "माझीच चांदी घाला बरं, दुसऱ्याची मिसळू नका," हे ती पुन्हा पुन्हा बजावत होती. तुम्ही तिला भट्टीसमोर खुर्ची दिलीत. "मावशी, इथंच बसा. तुमच्या डोळ्यासमोर आटवतो." "अन् माझा डोळा लागला तर?" "तं मूस खाली उतरवतो, तुम्हाले चहा पाजतो, मंग पुन्हा चढवतो." ती हसली, पण पापणी लवू दिली नाही. लाल मुशीत तोरड्यांचं पाणी झालं, आणि संध्याकाळी त्याच चांदीचे वाळे घेऊन ती बसला गेली. तुम्ही घडणावळ तेवढी घेतलीत. त्या दिवशी चांदीचा भाव काय होता, हे तिनं विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

पुढे मी अर्थशास्त्र घेतलं. सुट्टीत घरी आले की तुम्हाला शिकवायला बसायची. "बाबा, चांदीचा भाव लंडनमध्ये ठरतो, डॉलरमध्ये," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, तेव्हा तुम्ही फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलंत. "माहीत हाय मले. म्हनूनच मी गिऱ्हाइकाची चांदी बाजारात जाऊ देत नाही." मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आज बुलढाण्याच्या कॉलेजात मी तोच धडा शिकवते. फळ्यावर देश म्हणून गोल काढते आणि त्यांच्यामध्ये बाण. परदेशी गुंतवणूकदार आपल्या बाजारातून पैसा काढतात, जाताना रुपये विकून डॉलर घेतात, म्हणून रुपया घसरतो. जगात घबराट झाली की तोच पैसा सोन्याचांदीत शिरतो. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रुपया पडला तं निर्यात करणाऱ्याचा फायदा. मंग तोटा कोणाचा?" मी म्हटलं, आयात करणाऱ्याचा. म्हटलं आणि हातातला खडू तसाच राहिला. कारण तुमच्यामागे दुकान चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं, तुमच्या लाडक्यानं, आयुष्यात खामगावाबाहेरून काही मागवलेलं नाही. पण त्याला लागणारी चांदी समुद्रापलीकडून येते. फळ्यावरचा बाण आपल्या दुकानापर्यंत येतो, तो मी कधी काढलाच नव्हता.

गेल्या वर्षी लग्नाच्या सीझनआधी त्यानं मला फोन केला. "ताई, तू तं हे सारं शिकवतेस. चांदी आता भरून ठेवू का थांबू?" मी म्हटलं, "थांब. इतका चढलेला भाव टिकत नसतो." तो थांबला. तिकडे डॉलरमधला भाव वाढत गेला, इकडे रुपया घसरत गेला, आणि दोन्हींचा भार एकदम त्याच्या तराजूवर पडला. आता दुकानात चांदी नाही, आणि घ्यायला हात धजावत नाही. घडणावळ मात्र तेवढीच राहिली आहे. म्हाताऱ्या बायका अजून फडक्यात तोरड्या बांधून येतात, पण नातवाचे वाळे करायला नव्हे, मोडायला. ती चांदी लगड होऊन मुंबईला जाते, तिथून कुठल्या तरी देशातल्या सोलर पॅनेलमध्ये जात असेल. भाव आत आलाय, बाबा. खुर्ची घेऊन बसलाय.

गेल्या रविवारी भाऊ घाट चढून माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. "ताई, बाबांचा डबा दे." तो डबा म्हणजे तुमचे नमुने: हरेक घडणीचं एकेक जोडवं, एकेक तोरडी, करदोड्याच्या कड्या. शेवटच्या आजारात तुम्ही तो माझ्या हातात दिला होता. "हे कोणाले मोडू देजो नको. नमुना मोडला का हात विसरते." मी तेच वाक्य त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "हात विसरन तं विसरन. पण हाताले काम तं पाह्यजे. हे आटवलं तं यातून लग्नाच्या चार ऑर्डरी निघतीन. नाहीतं दुकान बंद. फोटो काढून ठेवतो ना सगळ्याचे." मी विचारलं, तोरडीची कडी आतून कशी वळवली ते फोटोत दिसतं का? "मले दिसते," तो म्हणाला, "मी बाबांच्या बाजूले बसत होतो. तू पायरीवर होतीस." त्या फोनबद्दल मात्र त्यानं एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये.

तो रविवार उद्या आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवेन. त्या दिवशीही असाच गठ्ठा समोर होता, बाबा. त्याचा फोन आला तेव्हा मी काहीही पाहिलं नव्हतं, ना डॉलर, ना भाव. दहा पेपर राहिले होते आणि मला फोन ठेवायचा होता, म्हणून वर्गात बोलते त्या आवाजात "थांब" म्हटलं. त्यानं तो आवाज खरा मानला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी डब्यासोबत खामगावला जाईन. भट्टीसमोर खुर्ची टाकून बसेन, दुसऱ्याची चांदी मिसळू देणार नाही, पापणी लवू देणार नाही. त्याआधी एकदा "मोडा" म्हणा. तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हणा.