सतराशे चाळीसची बंदूक

१० ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून मी शस्त्रसंग्राहक. वाईला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. सौ. रांगेत असताना मी मागच्या गल्लीत आकाराम भंगारवाल्याकडे डोकावलो आणि ठासणीची बंदूक घेऊन बाहेर आलो. कुठल्या तरी सरदाराच्या माडीवरून आलीय म्हणाला. कुठल्या, ते त्याला आठवेना. इतका प्रामाणिक माणूस भंगारात क्वचित मिळतो. किंमत इथे लिहीत नाही, ही वही सौ.च्या हाती लागू शकते.

मलकापूर येईपर्यंत सौ. एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

११ ऑगस्ट, सकाळी ६

संकल्प: रोज एक तास अभ्यास. वर्षअखेर दहा बंदुका. हॉलमधलं शोकेस रिकामं करणे (सौ.चा डिनर सेट, बारा वर्षांत वापरलेला नाही).

संध्याकाळी ७. शोकेसबाबत चर्चा झाली. बंदूक तूर्त कपाटामागे.

१४ ऑगस्ट

घासून घासून नळीवर आकडे दिसले. १७, मग एक तिरका ओरखडा, मग ४०. म्हणजे सन १७४०! ओरखडा लढाईतला असणार. सौ.ने विचारलं, त्या काळी शक लिहायचे ना? तिला शस्त्रांतलं काही कळत नाही. यूट्यूबवरच्या एका तज्ज्ञाला कमेंटमध्ये कळवलं. त्याने हसरा चेहरा पाठवला.

१७ ऑगस्ट

खरं कारण लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. मेव्हणे नाथाजी, रिटायर्ड सुभेदार, दरवर्षी येतात. पाटावर ते आपली मेडलं आणि परवान्याची बारा बोअर ठेवतात. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. मी कॅल्क्युलेटर ठेवतो. सव्वीस वर्षं.

१९८९ ला साताऱ्याच्या भरतीत माझी छाती एक सेंटीमीटर कमी भरली. नाव दिग्विजय. टेप धरणारा नाव वाचून हसला होता, ते अजून टोचतं. यंदा पाटावर माझी बंदूक असेल.

२ सप्टेंबर

परवान्याचं काय, असं सौ.ने तिसऱ्यांदा विचारलं. पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या एका मित्राकडे जुनी बंदूक आहे, असं सांगितलं. हवालदार म्हणाले, मित्राला बंदूक घेऊन पाठवा, बघून सांगतो. मित्र सध्या गणपतीत बिझी आहे, म्हणालो.

१५ सप्टेंबर

तेल लावताना हातातून निसटली. दस्त्याला चीर. मिरजेला सतारी करणारे इलाहीभाई आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लाकूड आणि हत्यार दोन्ही कळणारा माणूस! शिवाय जाणकाराचं मत मिळेल. मत लिहून घ्यायला नवी डायरी आणली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बंदूक रेल्वेतून उघडी कशी नेणार? शेजारच्या त्रिशलाताई गाण्याचे क्लास घेतात, त्यांच्याकडून तानपुऱ्याची खोळ आणली. भोपळ्याच्या जागी सौ.ची उशी कोंबली. कराडला गाडीत बसलो तर समोरच्या आजोबांनी एक भजन होऊन जाऊ दे म्हणून आग्रह धरला. गळा बसलाय म्हणालो. मग किर्लोस्करवाडीपर्यंत त्यांनीच भजनं म्हटली आणि मी मान डोलवली.

इलाहीभाईंनी उशी बाजूला ठेवली, बंदूक उचलली, दस्त्यावरून अंगठा फिरवला. मी डायरी उघडली.

"ह्यो दस्ता माझ्याच हातचा हाय. तानपुऱ्याच्या दांडीचं उरलेलं लाकूड. चार वर्षांमागं वाईत शूटिंग हुतं, चाळीस बंदुका करून दिल्या. ही सतरावी."

नळी? पाण्याचा पाइप. चीर त्यांनी फुकट जोडून दिली. वर म्हणाले, चार वर्षं टिकली म्हणजे बरीच टिकली. डायरी कोरी आहे.

१९ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. बंदूक जुनी नाही हे खरं, पण होईल. संग्राहकाने लांबचं बघायचं असतं. तरी सौ.ला उद्या सांगणार.

२० सप्टेंबर

उद्या.

२२ सप्टेंबर

आज घट बसले. सणासुदीत असले विषय नकोत.

२८ सप्टेंबर

घात झाला. सौ.ने भावाला फोन करून सांगितलं की ह्यांनी सतराशे चाळीसची बंदूक आणलीय. नाथाजी म्हणाले, बघतोच. आजारी पडता येईल का, याचा विचार चालू.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ताप आला नाही. पाट मांडला. मेडलं, बारा बोअर, कोयता, विळा आणि माझी बंदूक. सगळं घर बघत होतं. नाथाजींनी ती उचलली, हातात तोलली, नळीवरचे आकडे वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. छातीभोवती पुन्हा ती टेप आवळल्यासारखं झालं. जरा परसात या, म्हणाले.

दोडक्याच्या वेलाआड त्यांनी आवाज खाली आणला.

"दाजी, ही घिऊन मी वाईच्या घाटावर चार दिस पळालोय. रिटायर झाल्यावर घरात मन लागंना. घरी सांगितलं, माजी सैनिकांची मीटिंग हाय. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, साधं खरचटलं न्हाई. तितं दिवसाला तीनदा मेलो. कुणाला सांगू नगा."

मी शब्द दिला. सुभेदारांनी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. सव्वीस वर्षांत हा माणूस मला प्रथमच आपला वाटला. आत येऊन त्यांनी जाहीर केलं की माल अस्सल हाय. माझी छाती एक सेंटीमीटर नक्की वाढली. मोजली नाही.

मी न ठेवताही पाटावर कॅल्क्युलेटर आला होता. सौ.ने त्याला झेंडूची दोन फुलं वाहिली, बंदुकीला एक.

४ ऑक्टोबर, शनिवार

सौ.ला सगळं सांगून टाकलं, नाथाजींचं सोडून. ती भाजी निवडत होती. म्हणाली, माहीत आहे. इलाहीभाईंनी दुरुस्तीची चिठ्ठी उशीच्या अभ्र्यात खोचली होती: शूटिंगची बंदूक, नंबर सतरा, दस्ता जोडला. अठरा तारखेलाच तिच्या हाती लागली.

म्हणजे अठ्ठावीसला भावाला फोन केला तेव्हा तिला माहीत होतं. असं का केलंस, विचारलं. भाजीतून मान वर न करता म्हणाली, "दरसाल त्या पाटापुढं तुमचं तोंड बघवत न्हाई मला."

मग बंदूक कुठे आहे, विचारलं. परसात रोवलीय, म्हणाली. दोडक्याचा वेल एका बाजूला कलला होता.

मांडवाला अजून तीन लागतील म्हणते. संग्रह वाढवायला तिचा हा पहिलाच पाठिंबा.